पेशी थोडी मोठी झाली

सोमवार हा आमच्याकडे सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा वार. पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी २१ वर्षं रक्त तपासते आहे. सोमवारी सकाळी बाकावर कोण कोण बसलेलं असणार, हे मला न बघता सांगता येतं. त्या दिवशी मात्र एक मायलेकीची जोडी बाकावर न बसता थेट खिडकीशी येऊन उभी राहिली. मुलगी १४ वर्षांची, एसएस पॅटर्न (म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेल आलेला), डोळे पिवळसर, अंगानं दहा वर्षांची वाटावी अशी. वर्षभरात तीनदा अंगदुखीनं भरती झालेली. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू केली होती, आणि आज सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचा होता.

रक्त काढून होईपर्यंत आई काही बोलली नाही. मग तिनं पदराआडून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत कॅप्सूलच्या पट्ट्या. ११ कॅप्सूल काढलेल्या, बाकीच्या जशाच्या तशा.

"ताई, खरं सांगा जी. माह्या पोरीले कॅन्सर हाय का?"

बाजाराच्या दिवशी तिनं एका औषध दुकानात पट्टी दाखवली होती. तिथल्या माणसानं सांगितलं, हे कॅन्सरचं औषध आहे. त्या दिवसापासून तिनं पिशवी तांदळाच्या डब्यात ठेवून दिली, आणि घरात कुणाला काही बोलली नाही. दीड महिना ती बाई पोरीला कॅन्सर आहे असं समजून जगत होती.

मी म्हटलं, नाही हो, कॅन्सर नाही. ही गोळी सिकलसेलसाठीच आहे, हिच्यानं दुखणं कमी होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मग कॅन्सरची काहून म्हणते तो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सगळे जे सांगतो तेच मी सांगितलं, की औषध रक्त सुधारतं. तिला ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही पटलं नाही. रोज एक कॅप्सूल, कदाचित जन्मभर, पोटच्या पोरीला द्यायची, तर ती आत जाऊन काय करते हे विचारायचा त्या माऊलीला पूर्ण हक्क होता. ते शोधायला मी त्या रात्री बसले आणि पुढचे कित्येक महिने बसतच राहिले. तो शोध ज्या वाटेनं गेला, ती वाट इथे लिहून ठेवते आहे.

सिकलसेल म्हणजे काय ते मी रोज डोळ्यांनी बघते. स्लाइडवर रक्ताचा एक थेंब घ्यायचा, त्यात दोन टक्क्यांचं सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि कडा बंद करायच्या. आमच्याकडे त्या कामासाठी साधं नेलपॉलिश असतं. आता थेंबात बाहेरची हवा जात नाही, आणि आतला ऑक्सिजन ते रसायन खाऊन टाकतं. सुरुवातीला पेशी गोल असतात, मध्ये फिकट, ताटलीसारख्या. थोड्या वेळानं पुन्हा डोळा लावला की एखादीची कड ताणलेली दिसते. मग दोन टोकं निघतात. बघता बघता सगळं क्षेत्र विळ्यांनी भरून जातं, धान कापायच्या दिवसांत बांधावर टाकून ठेवलेल्या विळ्यांसारखं. इतकी वर्षं झाली, तरी त्या थेंबात कुणाची तरी पुढची सगळी वर्षं दिसतात, म्हणून ती स्लाइड माझ्याच्यानं पटकन बाजूला ठेवली जात नाही.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या आकाराचं पहिलं वर्णन छापलं. ऑक्सिजन काढून घेतला की पेशी विळा होते आणि परत दिला की पुन्हा गोल होते, हे हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये दाखवलं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं आहे, एवढा एकच फरक आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात शोधलं. एका जागेच्या चुकीमुळे ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याचे ताठ दोर होतात, आणि ते दोर पेशीला आतून ताणतात. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस.

एवढं मला आधीही माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की हायड्रॉक्सियुरिया या हिमोग्लोबिनला हातही लावत नाही. ते जातं हाडातल्या मगजात. तिथे रक्तपेशी जन्माला येतात, आणि तिथे ते एका विकराला, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाला, धरतं. त्या विकराचं नाव रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. नाव लांबलचक आहे, पण कामाची फोड केली की सोपं होतं.

डीएनए हे नाव आपण इतक्यांदा घेतो, पण त्यातल्या 'डी'कडे लक्ष जात नाही. डी म्हणजे डीऑक्सी, म्हणजे एक ऑक्सिजन काढून घेतलेलं. पेशीत आरएनएच्या विटा आधीच तयार असतात. त्यांच्या साखरेवर एका ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लटकलेली असते, आणि तिच्यामुळे आरएनएची साखळी लवकर तुटते. रोजच्या निरोपासाठी ते ठीक आहे. पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या मजकुराला ते चालत नाही. ती एक जोडी काढली की डीएनएची वीट तयार होते. हे काढायचं काम करणारं विकर म्हणजे हे. आपल्या एका पेशीत डीएनएच्या विटांच्या साधारण ६४० कोटी जोड्या असतात, म्हणजे एका पेशीच्या दोन व्हायच्या तर जवळजवळ १,२८० कोटी विटा हव्यात. आणि मगजात दर सेकंदाला २० लाखांच्या वर लाल पेशी तयार होत असतात. लाल पेशी बाहेर पडताना आपलं केंद्रक टाकून देते, तिच्यात डीएनए उरत नाही, हे खरं. पण तिच्या आधीच्या सगळ्या पिढ्या भराभर दुभंगत आलेल्या असतात, आणि त्या प्रत्येक दुभंगाला विटा लागतात.

स्वीडनमधल्या पीटर रायकार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या विकराचा पाठपुरावा केला. सापडलं ते असं की ऑक्सिजन काढून टाकणारं आपल्या शरीरातलं हे विकर स्वतः ऑक्सिजनशिवाय तयारच होत नाही.

हे समजायला मला माझ्या आजीची चूल आठवावी लागली. आमच्या घरी रात्री चूल विझवत नसत. एक निखारा राखेखाली झाकून ठेवायचा. सकाळी राख बाजूला करून फुंकणीनं फुंकलं की तो लाल व्हायचा आणि त्यावर दिवसभराचा स्वयंपाक. काडी खर्ची पडत नसे. कधी निखारा विझलाच, तर शेजारी विस्तव मागायला जायचं.

या विकरातही असाच एक निखारा झाकून ठेवलेला असतो. टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल, त्याच्यावर एकटा पडलेला इलेक्ट्रॉन, म्हणजे रॅडिकल. एरवी असे रॅडिकल निमिषभरात संपतात. हा प्रथिनाच्या पोटात, दोन लोह अणूंच्या शेजारी, सुरक्षित टिकून राहतो. तो पेटवायला लागतो ऑक्सिजनचा एक रेणू. लोहाची जोडी त्या रेणूला पकडते, आणि त्या झटापटीत टायरोसिनमधून एक इलेक्ट्रॉन निघून जातो. निखारा पेटला. ऑक्सिजनचं काम तिथेच संपतं, तो विटेत कुठेही जात नाही.

विस्तव एकीकडे आणि स्वयंपाक दुसरीकडे, हेही इथे आहे. हा निखारा विकराच्या एका भागात असतो आणि वीट घडते ती दुसऱ्या भागात. दोहोंमधलं अंतर सुमारे ३५ अँगस्ट्रॉम. रेणूंच्या जगात हा मोठा पल्ला आहे. मधल्या अमिनो आम्लांच्या रांगेतून ती धग हातोहात पोचवली जाते, एक वीट घडते, आणि धग परत आपल्या जागी येते. एमआयटीतल्या जोॲन स्टब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रांग उलगडायला कित्येक दशकं दिली. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि कुणाला तरी लगेच सांगावं असं फार वाटलं.

हायड्रॉक्सियुरिया करतं काय, तर या निखाऱ्यावर पाणी टाकतं. लहानसा रेणू आहे, सहज आत पोचतो आणि टायरोसिनला हरवलेला इलेक्ट्रॉन परत देऊन टाकतो. विस्तव विझला की विटा थांबतात आणि पेशीचं दुभंगणं अडकतं. विझलेला निखारा पुन्हा पेटवायचा तर पुन्हा लोह हवं आणि पुन्हा ऑक्सिजन हवा. औषधाचा अंमल ओसरला की तो पेटतोही. म्हणूनच ही कॅप्सूल रोज घ्यावी लागते.

दुकानातला माणूस खोटं बोलला नव्हता, हे मला इथे कबूल करायला हवं. कॅन्सरची पेशी म्हणजे विटांची अखंड मागणी. तिचा विस्तव विझवायला हे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे. अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये. दुकानातल्या माणसानं अर्धीच गोष्ट सांगितली, आणि उरलेली अर्धी सांगायची जबाबदारी आमची होती. ती आम्ही पार पाडली नव्हती.

ती उरलेली अर्धी गोष्ट अशी. बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेता यावा म्हणून घडलेलं. त्यात ती सहाव्या जागेची चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत ते मागे पडतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन येतं. ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या १९४८ मध्ये लक्षात आलं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी तितक्याशा विळा होत नाहीत, आणि त्यांनी याचं श्रेय या गर्भातल्या हिमोग्लोबिनला दिलं. हायड्रॉक्सियुरियानं मगजातलं दुभंगणं थोडं थोडं अडवलं की मगज आपली घडी बदलतो. घाईत नव्या पेशी घडवताना तो पुन्हा ते जुनं, बाळपणीचं हिमोग्लोबिन बनवू लागतो, असा यामागचा मुख्य विचार आहे. चिकटणाऱ्या हिमोग्लोबिनच्या गर्दीत हे न चिकटणारं मिसळलं की दोर लांब होत नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या २९९ मोठ्या वयाच्या रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच वेळा दुखण्याचा झटका आला, न घेणाऱ्यांना साडेचार वेळा. कागदावर हा आकडा साधा दिसतो. रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारी पोर ज्यानं बघितली आहे, त्याला विचारावं दोन झटके कमी होणं म्हणजे काय.

इथे थांबता आलं असतं. पण एक प्रश्न मला सोडेना. ऑक्सिजनशिवाय निखारा पेटत नाही, तर जिथे हवा पोचतच नाही तिथले जीव विटा कुठून आणतात?

आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू घ्या. तो जिथे राहतो तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच, तरी तो मजेत दुभंगत असतो. त्याच्याकडे याच कामाचं एक दुसरं विकर आहे. त्याचा निखारा टायरोसिनवर नसून ग्लायसिनवर असतो आणि तो हवेशिवायच पेटतो. उलट हवा लागली तर त्या ग्लायसिनच्या जागी प्रथिनाची साखळीच तुटते, विकर कायमचं निकामी होतं. म्हणून जिवाणू दोन्ही विकरांचा आराखडा बाळगतो. ऑक्सिजन आहे की नाही हे ओळखणारं एफएनआर नावाचं एक प्रथिन त्याच्याकडे आहे. ऑक्सिजन नाही असं दिसलं की ते हवेविना चालणाऱ्या विकराची निर्मिती वाढवतं. पृथ्वीवर हवेत ऑक्सिजन साचायला लागला त्याला सुमारे २४० कोटी वर्षं झाली. त्याआधी डीएनए होतं, म्हणजे विटा घडत होत्या, आणि विस्तव वाऱ्याविना पेटत होता. आपल्या पोटात त्या काळाची चूल अजून चालू आहे.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा, कारण तो आमच्या शेतात सापडतो. तुरीचं किंवा सोयाबीनचं रोप उपटलं की मुळावर बारीक गाठी दिसतात. नखानं एक गाठ फोडा. आत गुलाबी रंग निघतो. तो रंग हिमोग्लोबिनच्या एका नातेवाइकाचा, लेगहिमोग्लोबिनचा. नत्र बांधणाऱ्या यंत्रणेला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे प्रथिन गाठीतला मोकळा ऑक्सिजन अगदी थोडा ठेवतं. मग त्या गाठीत शिरणारा जिवाणू विटा कशा बनवतो? लसूणघासाच्या मुळात राहणाऱ्या जिवाणूवर मिचिको टागा आणि ग्रॅहॅम वॉकर यांनी २०१० मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्याचं विकर बी-१२ जीवनसत्त्वावर चालतं, त्याला ऑक्सिजन असला काय, नसला काय, सारखंच. ते काढून त्याच्या जागी ई. कोलायचं ऑक्सिजनवर चालणारं विकर बसवलं, तर जिवाणू बाहेर वाढला, पण मुळाशी त्याचा घरोबा नीट जमला नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर तूर पेरली. ती गुलाबी गाठ त्यांनी मला लहानपणी फोडून दाखवली होती, "ही गुलाबी निघाली की पीक खुशीत" एवढंच सांगून.

माणसाला यातला पर्याय नाही. आपल्याकडे ऑक्सिजनवर पेटणारंच विकर आहे. पण त्याच्या निखारा सांभाळणाऱ्या भागाच्या दोन आवृत्त्या आहेत, आरआरएम-२ आणि आरआरएम-२-बी. पहिली रोजची, पेशी दुभंगायच्या वेळी भरपूर बनते. दुसरी अडीअडचणीची, डीएनएला इजा झाली की पुढे येते. ऑक्सफर्डमधल्या एस्टर हॅमंड यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की ऑक्सिजन अगदी तळाला गेला तर पहिलीचं काम मंदावतं, तेव्हा पेशी दुसरीकडे वळते. कमी हवेतही ती निखारा धरून ठेवते, आणि अर्धवट राहिलेला डीएनए निदान तुटत तरी नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, शरीराच्या बहुतेक भागांत त्याहून कितीतरी कमी, आणि कॅन्सरच्या वाढलेल्या गाठीच्या गाभ्यात कधी कधी एक टक्काही नाही. अशा उपाशी पेशींवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो, हे एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच सांगितलं होतं. त्या पेशी तगून कशा राहतात, याचं एक उत्तर या दुसऱ्या आवृत्तीत आहे.

आणि कॅप्सूलसोबत मिळणारी ती दुसरी, पिवळी गोळी. सिकलसेलच्या रुग्णांना सहसा फॉलिक ॲसिड देतात. फॉलिक ॲसिडशिवाय डीएनएच्या चारपैकी एक वीट, थायमिनवाली, नीट बनत नाही. म्हणजे एकाच पुडीत विटा अडवणारी कॅप्सूल आणि विटांना माल पुरवणारी गोळी. हे बघून मी बराच वेळ गोंधळले होते. मग उलगडलं. मोडणाऱ्या पेशी भरून काढायला मगज रात्रंदिवस राबतो आणि त्याचा साठा संपतो. साठा संपून पडलेली उपासमार आणि हिशेबानं ओढलेला लगाम यांत फरक आहे. लगाम किती ओढायचा ते दर वेळी सीबीसी बघून ठरतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली आल्या तर डॉक्टर औषध थांबवतात.

दोन सोमवारांनंतर मायलेकी परत आल्या तेव्हा मी त्यांना आत बसवलं आणि चुलीपासून सुरुवात केली. आईला निखारा कळला. तिच्या घरी अजून चूल आहे. मी म्हटलं, हाडाच्या आत रक्ताची भट्टी आहे, ती भलत्या घाईनं चालली आहे, आणि तिच्यातून विळा होणारं रक्त निघतं. ही कॅप्सूल विस्तव थोडा दाबते, मग भट्टी पोरीच्या तान्हेपणीचं रक्त थोडं थोडं काढू लागते. कॅन्सरमध्ये हाच विस्तव दाबायचा असतो, म्हणून औषध तेच. पोरीला कॅन्सर नाही. ती म्हणाली, "असं पह्यलेच सांगाचं होतं जी." मी म्हटलं, हो, सांगायला हवं होतं.

२०२३ च्या जुलैमध्ये देशात सिकलसेल निर्मूलनाचं मोठं अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत नळ्यांची रांग लागली आहे, आमच्याकडेही. तपासणी व्हायलाच हवी. पण रिपोर्ट हातात दिल्यावरची दहा मिनिटं कुणी द्यायची, याची मला रोज काळजी वाटते.

पाच महिन्यांनी त्या मुलीचा सीबीसी माझ्या मशीनमधून निघाला. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा रकाना असतो, एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. आधी तिचा ७९ होता. ते ११ कॅप्सूलनंतरही ७९ च होता. आता ९८. पेशी दुभंगायची वाट बघत असते, विटा उशिरा येतात, तोवर तिचं बाकी अंग वाढतच राहतं, आणि शेवटी बाहेर पडते ती थोडी मोठी होऊन. ते विकर मी आयुष्यात कधी बघणार नाही. त्याच्यावर पाणी पडल्याची खूण मात्र माझ्या हातातल्या कागदावर छापून आली होती.

"मीच देतो जी रोज, जेवल्यावर," आईनं मी विचारायच्या आधीच सांगितलं.

मुलगी या सगळ्या महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी तिला म्हटलं, तुझ्या पेशी मोठ्या झाल्यात, बघायच्या का? लिशमन स्टेननं रंगवलेली तिचीच स्लाइड मायक्रोस्कोपला लावून दिली. स्टूल उंच होतं, ती टाचा वर करून चढली. बराच वेळ एक डोळा मिटून, श्वास रोखून बघत राहिली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं,

"ताई, यातली नवी कोणती?"